तिसाव्या दिवसाचा फॉर्म

कुरखेड्याहून निघाले तेव्हा
स्कूटीत अर्धी टाकी पेट्रोल, पिशवीत
टॉर्च, हातमोजे, फूटपट्टी
आणि सव्वीस प्रश्न.

आधी क्रमांक एकशे चौदा, बिजाबाई कुमरे.
अपेंडिक्स पोटातच फुटलं होतं.
प्रश्न नववा : घरून दवाखान्यात पोहोचायला किती तास लागले?
ती अंगणात मोहफुलं निवडत होती,
हात न थांबवता म्हणाली,
"कुठून मोजू?
पोट दुखाले लागलं तवापासून,
का सासरा 'चाल' म्हणला तवापासून?
दोन रोज तं ओवाच खाल्ला.
मंग हे पिकअप पाहाले गेले, तं पिकअप वरातीत.
कुरखेड्यात सलाईन लावलं, म्हणे,
भूल देणारा डॉक्टर नाही, गडचिरोलीले न्या.
तिथं रातभर बाकड्यावर.
आता तूच मोज, माय. तुले पगार हाय."

चौकटीत दोनच आकडे मावतात.
मी नव्व्याण्णव लिहायला घेतलं,
पण नव्व्याण्णव म्हणजे 'माहीत नाही'.
तिला तर सगळं माहीत होतं.
मग समासात लिहिलं, बारीक अक्षरात,
ओवा, पिकअप, वरात, बाकडं.
सर म्हणतात, समास मशीन वाचत नाही.

व्रण अकरा सेंटीमीटर, कोरडा.
फूटपट्टी गार लागली तशी ती खुदकन हसली
आणि लगेच पोटावर हात ठेवून थांबली.

एकशे सतरा, सुकरू नैताम.
अंतर्गळ, उजवी बाजू, नऊ वर्षं जुना.
सायकलच्या ट्यूबने कमरेला आवळून ठेवलेला.
गावाला वाटायचं, म्हातारा पैसे बांधून फिरतो.
'आधी का आला नाहीत?' याला पर्याय चार :
खर्च, अंतर, भीती, इतर.
तेव्हा तो जमिनीकडे बघत म्हणाला होता, "लाज."
मी 'इतर'वर खूण केली होती.

आज त्याच्या दाराला काटी लावलेली.
शेजारीण म्हणाली, "गेले ना तेलंगणात,
मिरची तोडाले. आठ रोज झाले."
म्हणजे बाविसावा दिवस.
छपराच्या वाशात आमचाच कागद खोचलेला,
पोत्याचं चित्र, त्यावर लाल फुली :
तीन महिने जड उचलू नये.
जपून ठेवला होता. घडीसुद्धा मोडली नव्हती.

कोड तीन : संपर्क तुटला.
अहवालात अशांची एक ओळ असते, टक्क्यांची,
आणि वाचणाऱ्याला वाटतं
माणसंच हरवली कुठेतरी, जत्रेत हरवावीत तशी.
कोणी कोणाला हरवलं, ते त्या ओळीत नसतं.

बोडीच्या पाळीवर चढले. तिथे रेंज येते, दोन काड्या.
चौथ्यांदा लावला तेव्हा लागला.
"जखम कशी आहे, काका?"
"हाय जी, चांगली हाय."
"पाणी, पू?"
"नाही जी."
"सूज, ताप?"
तो खोकला. मिरचीचा खोकला, कोरडा, न थांबणारा.
मी वाट पाहिली.
"हात ठेवता ना, खोकताना?"
"ठेवतो. तुमच्या सिस्टरनं सांगल्यापासून
शिंकतानाबी ठेवतो.
इथली पोरं नकला करते माह्या."

"आणि पोती? पोती उचलता?"

बराच वेळ नुसता वारा.
"मी तोडतो फकत, बाई.
उचलते घरची."

सव्वीस प्रश्नांत घरची कुठेच नाही.
प्रश्न सतरात आहे, 'सोबत कोण आले होते?'
तिथे तिच्या नावाऐवजी नातं लिहायचं असतं.

एकला गोल केला. परिणाम : चांगला.
गुंतागुंत : नाही.
पेन अजून कागदावर होतं,
तिकडे मागून बाईचा आवाज आला, दम लागलेला,
"कोणाचा फोन हाय?"
"दवाखान्याचा. मी बरा हाय का, विचारून राह्यले."
"मंग सांग ना, बरा हाय म्हणून.
अन् हे पोतं धर जरा इकडून...
नको. राहू दे. बस तू."